तीर्थाचे फळ आणि रिवॉर्ड पॉइंट

प्रवासाचे फळ नेमके कोणाला मिळते, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराने फार जुन्या काळापासून बारकाईने हाताळलेला आहे. महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मांना तीर्थांचे माहात्म्य सांगतात, तेव्हा स्थळांच्या वर्णनाकडे वळण्याआधी ते यात्रेकरूच्या अधिकाराचा विचार करतात. ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहे, जो प्रतिग्रहापासून, म्हणजे दुसऱ्याने दिलेले स्वीकारण्यापासून, दूर राहिला आहे, जो मिळेल त्यात संतुष्ट आहे आणि ज्याचा अहंकार गळून पडला आहे, त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. पुढच्या स्मृतिवचनांनी हाच विचार हिशेबाच्या भाषेत मांडला आणि दुसऱ्यासाठी यात्रा करणाऱ्याला फळाचा सोळावा हिस्सा, तर अन्य कामासाठी निघाला असता ओघाने तीर्थ करणाऱ्याला निम्मे फळ, अशी वाटणी ठरवली. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा विस्तृत परामर्श घेतला आहे. या सगळ्या परंपरेत वाट किती चालली यापेक्षा ती कोणाच्या बळावर आणि कोणत्या हेतूने चालली, याला अधिक महत्त्व दिलेले दिसते.

हाच प्रश्न आज वेगळ्या रूपात मध्यमवर्गीय घरांत येऊन उभा राहिला आहे. काशीची यात्रा असो, केरळची सहल असो किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे जाणे असो, विमानाचे तिकीट पुष्कळदा ‘पॉइंटवर’ काढले जाते, आणि कोणते क्रेडिट कार्ड घेतले असता पॉइंट अधिक साठतील याची चर्चा घरोघरी गंभीरपणे चालते. ही निवड सहसा बेरीज-वजाबाकीची मानली जाते. तिच्यात आकडेमोड आहेच आणि ती नीट केलीही पाहिजे. परंतु तिच्या मुळाशी असे दोन प्रश्न आहेत, ज्यांचे उत्तर केवळ आकड्यांतून मिळत नाही. ज्या तिकिटाचे पैसे प्रवाशाने दिले नाहीत ते कोणी दिले, हा पहिला प्रश्न. आणि ज्या फळासाठी खर्च केला त्या फळाच्या ओढीने खर्चच वाढला, तर त्याला लाभ म्हणावे काय, हा दुसरा. पहिला प्रश्न ऋणाचा आहे आणि दुसरा तृष्णेचा. या दोहोंचा निकाल लावल्यानंतरच कार्डाची निवड करता येते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

रिवॉर्ड पॉइंट म्हणजे कार्डाने केलेल्या खर्चाच्या प्रमाणात बँक ग्राहकाच्या नावे जमा करते ते एकक. विमान कंपनीच्या योजनेत हेच एकक बहुधा ‘माइल’ या नावाने ओळखले जाते. विमानप्रवासाला असे बक्षीस जोडण्याची पद्धत अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये व्यापक प्रमाणावर सुरू केली आणि युनायटेडने त्याच महिन्यात तिचे अनुकरण केले. आरंभी माइल मिळत ते प्रामुख्याने प्रत्यक्ष प्रवासाबद्दल; १९८७ मध्ये सिटीबँकेचे अमेरिकन एअरलाइन्सशी जोडलेले कार्ड निघाले आणि किराणा, कपडे, औषधे यांवरील खर्चालाही माइल मिळू लागले. तात्त्विकदृष्ट्या हा बदल मोठा आहे, कारण तोवर प्रवास हेच कर्म होते आणि पुढचा प्रवास हे त्याचे फळ. आता कोणताही खर्च हे कर्म झाले आणि प्रवास हे त्याचे फळ ठरले. भारतात आज अशा कार्डांचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात: एखाद्या विमान कंपनीशी, हॉटेलसमूहाशी किंवा रेल्वेच्या आयआरसीटीसीशी बांधलेले को-ब्रँडेड कार्ड, आणि बँकेचे स्वतःचे पॉइंट देणारे कार्ड, ज्यातले पॉइंट अनेक कंपन्यांच्या योजनांत वळवता येतात. पहिल्यात निश्चितता अधिक असते आणि दुसऱ्यात मोकळीक.

हे फळ कोणाच्या तरी पैशातून येते, आणि ते कसे येते हे पाहिल्याशिवाय ऋणाचा प्रश्न उलगडत नाही. ग्राहकाने कार्ड वापरले की बिलातील काही भाग दुकानदाराच्या हाती येण्याआधीच कापला जातो. बँकिंगच्या परिभाषेत त्याला एमडीआर म्हणतात आणि दुकानदार त्याला सरळ ‘कार्डाचे दोन टक्के’ म्हणतो. हा दर दोन टक्के धरला, तर एक हजार रुपयांच्या बिलावर वीस रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटीचे ३ रुपये ६० पैसे वजा होऊन दुकानदाराला ९७६ रुपये ४० पैसे मिळतात. त्या वीस रुपयांतील मोठा वाटा इंटरचेंज या नावाने कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि ग्राहकाच्या पॉइंटांचा खर्च बऱ्याच अंशी त्यातून भागतो. दुकानदार ही कपात एकतर स्वतः सोसतो किंवा मालाच्या किमतीत मिसळतो, आणि एकदा मिसळली की ती किंमत सर्वांना सारखीच लागू होते. रांगेत पुढे उभा असलेला कार्डधारक आणि त्याच्या मागे बटव्यातून नोटा मोजून देणारी कामकरी बाई, दोघेही त्याच साबणाला तोच भाव देतात. पहिल्याच्या खात्यात पॉइंट पडतात, दुसरीच्या पदरात मात्र काहीच पडत नाही.

या प्रवाहाचे मोजमाप करण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, रोखीने खरेदी करणाऱ्या कुटुंबाकडून दरवर्षी सरासरी १४९ डॉलर कार्ड वापरणाऱ्यांकडे जातात आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला सरासरी १,१३३ डॉलर मिळतात. उत्पन्नाच्या दृष्टीने पाहिल्यास हा ओघ गरीब कुटुंबांकडून श्रीमंत कुटुंबांकडे वाहतो. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये इंटरचेंजवर मर्यादा घातली आणि युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांसाठी ती ०.३ टक्क्यांवर आणली, यावरून हा विषय केवळ व्यक्तिगत नीतीचा नसून सार्वजनिक धोरणाचाही आहे हे स्पष्ट होते. भारतात जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवरील एमडीआर शून्य करण्यात आला, परंतु क्रेडिट कार्डाचे व्यवहार त्या सवलतीत आले नाहीत. बँकेच्या मिळकतीचा दुसरा स्रोत म्हणजे ज्यांना बिल पूर्ण भरता येत नाही अशा कार्डधारकांचे व्याज. म्हणून पॉइंटवर मिळालेल्या तिकिटामागे दोन अदृश्य दाते उभे असतात: एक, ज्याच्याकडे कार्ड नाही तो, आणि दुसरा, ज्याच्याकडे कार्ड आहे पण बिल फेडण्याची ऐपत नाही तो.

येथे वनपर्वातील त्याच प्रकरणाचा आणखी एक विचार आठवणे अगत्याचे ठरते. यज्ञाला साहित्य, साधने आणि मनुष्यबळ फार लागते, त्यामुळे तो राजांना आणि धनवानांना शक्य होतो, दरिद्री माणसाला नाही. तीर्थयात्रा मात्र दरिद्री माणसालाही करता येते आणि म्हणूनच ती यज्ञाहून श्रेष्ठ, असे तेथे प्रतिपादले आहे. ज्याच्याजवळ पायांखेरीज काही नाही त्याच्यासाठी धर्माने मोकळी ठेवलेली ती वाट आहे, आणि पंढरीच्या वारीने तिला महाराष्ट्रात जे रूप दिले त्यातही हीच समता मुख्य आहे. पॉइंटची व्यवस्था या मूळ कल्पनेच्या नेमकी उलट दिशेने चालते, कारण तिच्यात गरिबाचे काही पैसे धनिकाच्या प्रवासाला लागतात आणि देणाऱ्याला आपण दिले हे कळतही नाही. दात्याला दानाची जाणीव नाही आणि घेणाऱ्याला प्रतिग्रहाची, अशी ही स्थिती आहे. आणि ज्या ग्रंथाने प्रतिग्रहापासूनची निवृत्ती ही तीर्थफळाची अट मानली, त्याच्या दृष्टीने ही स्थिती नगण्य ठरत नाही.

यावर एक सबळ आक्षेप घेता येतो. कार्डधारकाने कोणाचे काही हिरावून घेतलेले नाही, किंमत त्याने ठरवलेली नाही, आणि त्याने कार्ड नाकारले म्हणून साबण स्वस्त होणार नाही. मग त्याच्या माथी दोष कसा मारायचा? हा आक्षेप दोषापुरता मान्य केला पाहिजे. मात्र दोष आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद वैदिक परंपरेला चांगला ठाऊक आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे घेऊन ब्राह्मण जन्माला येतो असे तैत्तिरीय संहिता सांगते. शतपथ ब्राह्मण त्यांत मनुष्यऋणाची भर घालते आणि माणसांना आसरा व अन्न देऊन ते फिटते असे म्हणते. यांपैकी एकही ऋण माणसाने मागून घेतलेले नसते, त्यासाठी त्याने कोणताही अपराध केलेला नसतो, तरीही ते त्याचेच असते आणि फेडायचेही त्यानेच असते. पॉइंटवरच्या प्रवासाचे ऋण याच जातीचे आहे: त्याने प्रवासी अपराधी ठरत नाही, पण ‘फुकट’ हा शब्द वापरण्याचा अधिकार मात्र गमावतो.

दुसरा प्रश्न तृष्णेचा, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. मीमांसाशास्त्राने कर्मांचे जे वर्गीकरण केले त्यात नित्य कर्म म्हणजे फळाची अपेक्षा असो वा नसो, करायचेच असते ते. आणि काम्य कर्म म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केले जाते ते. घरचा किराणा, मुलांची फी, औषधे, वीजबिल हे गृहस्थाचे नित्य खर्च आहेत. ते पॉइंट नसतानाही झाले असते. अशा खर्चाबरोबर जे पॉइंट येतात त्यांना आनुषंगिक फळ म्हणता येईल. आपस्तंब धर्मसूत्रात यासाठी आंब्याच्या झाडाचा दृष्टान्त आहे: झाड फळासाठी लावले तरी सावली आणि सुगंध मागोमाग येतात, तसे धर्माचरणामागून इतर लाभ येतात. सावली घेण्यात काही वावगे नाही. वावगे घडते ते सावलीच्या हव्यासाने घराला नको असलेली झाडे लावण्यात. ज्या क्षणी पॉइंटसाठी खरेदी होऊ लागते, त्या क्षणी नित्य खर्च काम्य होतो आणि मालक कोण, हा प्रश्न उभा राहतो.

हा धोका काल्पनिक नाही, हे मानसशास्त्रीय प्रयोगांनी दाखवले आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे देणार असलेल्या गटाची सरासरी बोली रोखीने देणाऱ्या गटाच्या दुप्पट निघाली. रान किवेट्झ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की बक्षिसाचा टप्पा जवळ आला की माणसे खरेदीचा वेग वाढवतात. कार्डांच्या योजनांतील ‘माइलस्टोन’, म्हणजे वर्षभरात ठरावीक रक्कम खर्चली की मिळणारे जादा बक्षीस, मनाच्या याच प्रवृत्तीवर उभे असते.

एका साध्या हिशेबाने हे जवळून पाहता येईल. वार्षिक फी पाच हजार असलेले, दर शंभर रुपयांना दोन पॉइंट देणारे कार्ड आणि महिन्याला तीस हजारांचा नित्य खर्च असे गृहीत धरले, तर फी जीएसटीसह ५,९०० रुपये होते आणि वर्षाच्या ३,६०,००० रुपयांच्या खर्चावर ७,२०० पॉइंट मिळतात. पॉइंटला एक रुपया मोल आले तर निव्वळ लाभ १,३०० रुपये; पन्नास पैसेच आले तर २,३०० रुपयांचा तोटा. याच कुटुंबाने चार लाखांच्या टप्प्यावरील चार हजारांच्या व्हाउचरसाठी चाळीस हजारांची अनावश्यक खरेदी केली, तर बक्षीस हाती येते आणि घरात नको असलेल्या वस्तू जमा होतात. वर्षातून एकदाच साठ हजारांची बाकी महिनाभर थकली, तरी साडेतीन टक्के मासिक दराने २,१०० रुपये व्याज आणि त्यावर ३७८ रुपये जीएसटी मिळून २,४७८ रुपये जातात आणि वर्षाचा लाभ पुसून वर खिशातून भर घालावी लागते.

शिवाय या फळाच्या स्थैर्याचाही विचार केला पाहिजे. कर्म आज घडते आणि फळ कालांतराने मिळते, मग मधल्या काळात त्यांना जोडणारे काय असते, या प्रश्नावर मीमांसकांनी ‘अपूर्व’ या अदृष्ट शक्तीची कल्पना मांडली. पॉइंटही वरकरणी तसेच, खर्च आणि प्रवास यांच्या मधले अदृश्य संचित आहेत. फरक असा की, अपूर्वाला मोडता घालणारा कोणी मालक नसतो, तर पॉइंटचे मोल ठरवण्याचा आणि बदलण्याचा हक्क करारानेच कंपनीकडे राखलेला असतो. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तेव्हा त्या कंपनीच्या विमानात बसण्यासाठी माइल साठवलेल्यांना ती आशा सोडावी लागली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या योजनेतील पॉइंट नव्या योजनेत वर्ग झाले आणि जुने हिशेब नव्याने मांडावे लागले. म्हणून पॉइंट साठवून ठेवणे ही बचत नव्हे. गृहस्थाश्रमासाठी लागणाऱ्या धनाला मर्यादा असते, तर धनासाठी धन मिळवण्याला अंत नसतो, हा अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये केलेला भेद येथे तंतोतंत लागू पडतो: ठरलेल्या प्रवासासाठी जमवलेले पॉइंट पहिल्या वर्गात मोडतात, आकडा वाढतो आहे म्हणून जमवलेले दुसऱ्या.

तृष्णेवरचा सर्वांत नेमका उपाय जैन आचारशास्त्रात सापडतो. श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ जैनाच्या, व्रतांमध्ये दिग्व्रत नावाचे एक गुणव्रत आहे. त्यात प्रत्येक दिशेला आपण किती दूरपर्यंत जाऊ याची मर्यादा गृहस्थ स्वतःच आधी ठरवतो. तत्त्वार्थसूत्राने या व्रताचे जे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत, त्यांत ठरलेली मर्यादा ओलांडणे तर आहेच, पण लोभाने क्षेत्र वाढवून घेणे आणि मर्यादेचे विस्मरण होणे हेही आहेत. पॉइंट साठले आहेत म्हणून, मुदत संपत आली आहे म्हणून किंवा कार्डावर मिळणारा विमानतळाच्या लाउंजचा प्रवेश वापरायचा राहिला आहे म्हणून जो प्रवास ठरतो, तो याच दोन दोषांचे आधुनिक उदाहरण होय. जगप्रवासाला हे व्रत विरोध करत नाही. जाण्याचे ठिकाण आणि कारण हे साधनाच्या आधी ठरले पाहिजे, एवढाच क्रम ते शिकवते.

हा क्रम पाळला की कार्डाची निवड बरीच सोपी होते. ज्या कुटुंबाचा प्रवास मुख्यतः रेल्वेने होतो त्याला विमान कंपनीचे कार्ड, फी कितीही आकर्षक रीतीने ‘वसूल’ होत असली, तरी निरुपयोगी आहे. ज्या आईवडिलांना वर्षाआड अमेरिकेत किंवा जर्मनीत मुलांकडे जायचे असते, त्यांनी पॉइंटच्या दरापेक्षा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातील खर्चावर लागणारी जादा आकारणी, आधी पाहावी. ती साडेतीन टक्के असेल, तर परदेशात केलेल्या एक लाखाच्या खर्चावर जीएसटीसह ४,१३० रुपये जातात आणि शंभराला दोन या दराने, पॉइंटला रुपया मोल धरूनही, दोनच हजार परत येतात. ज्यांचा प्रवास कधी आणि कुठे होईल हे निश्चित नाही त्यांना, घ्यायचेच तर, अनेक ठिकाणी वळवता येणारे पॉइंट बरे. प्रत्येक बाबतीत पॉइंटचे मोल जाहिरातीतल्या कमाल दराने न धरता किमान दराने धरावे, त्यातून फी वजा करावी, आणि तरीही काही उरत असेल तरच ते कार्ड घ्यावे.

ज्याला दर महिन्याचे बिल पूर्ण भरण्याची खात्री नाही, त्याच्यासाठी मात्र यांपैकी कोणतेच कार्ड योग्य नाही. बिलावर छापलेली ‘मिनिमम ड्यू’ ही किमान रक्कम भरल्याने खाते थकीत ठरत नाही, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते. हजयात्रा ही ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच बंधनकारक आहे आणि डोक्यावरची देणी त्या ऐपतीच्या विचारात आधी धरावी लागतात, असे इस्लामी धर्मशास्त्र मानते. त्यामागचा विवेक कोणत्याही धर्माच्या प्रवाशाला उपयोगी पडावा असा आहे. व्याजाच्या ओझ्याखाली मिळवलेल्या तिकिटात प्रवासी आपल्याच उद्याच्या अन्नाचा प्रतिग्रह करत असतो.

ऋण फेडण्याचा मार्गही यातून निघतो. ज्या छोट्या दुकानदाराला दोन टक्के जड जातात त्याला बँक खात्यातून यूपीआयने किंवा रोखीने पैसे द्यावेत आणि कार्ड मोठ्या कंपन्यांच्या व्यवहारांपुरते ठेवावे. असे केल्याने काही पॉइंट कमी पडतील, आणि ते कमी पडणे हाच परतफेडीचा आरंभ होय. प्रवासात वाचलेल्या पैशांतला ठरावीक हिस्सा, ज्याला स्वतःच्या बळावर प्रवास परवडत नाही अशा कोणाच्या तरी वाटखर्चाला लावावा, मग ती घरी कामाला येणाऱ्या मावशींची गावाकडची फेरी असो, एखाद्या विद्यार्थ्याचे परीक्षेला जाणे असो किंवा वारकऱ्याच्या मुक्कामाची सोय असो. शतपथ ब्राह्मणाने मनुष्यऋणासाठी आसरा आणि अन्न हीच फेड सांगितली, तिच्याशी हे सुसंगत आहे. ही दया नव्हे. अदृश्य दात्याला नावानिशी शोधता येत नाही म्हणून त्याच्या स्थितीतल्या माणसाला केलेली ती परतफेड आहे.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, प्रवासाचे बक्षीस देणारे कार्ड स्वतः धर्म्यही नाही आणि अधर्म्यही नाही. जोवर पॉइंट हे नित्य खर्चाचे आनुषंगिक फळ राहते, जोवर प्रवासाची मर्यादा त्याच्या आधी ठरलेली असते आणि जोवर त्यातून निर्माण होणारे ऋण मान्य करून फेडले जाते, तोवर ते कार्ड गृहस्थाने निःशंक मनाने घ्यावे. यांपैकी एकही अट सुटली, तर सर्वाधिक पॉइंट देणारे कार्डही महागच पडते, आणि ही महागाई कार्डाच्या बिलात कुठेही छापलेली नसल्यामुळे ती ओळखण्याची जबाबदारी सर्वस्वी निवड करणाऱ्याच्या विवेकावर येते.